समर्थनीय जखम

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज चालू होतं, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की जे लिहायचं होतं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. विषय आहे संडासातून जाणाऱ्या रक्ताचा. (जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या, मी थांबतो. :-) )

वसई-विरारच्या माणसाने इतिहासावर लिहायचं म्हणजे चिमाजीअप्पा आणि किल्ला, हे ठरलेलं. मीही लिहिलंय. हा इतिहास मात्र घरात कुणी उच्चारत नाही. आणि उच्चारला न गेल्यामुळे माझ्या आत्याचे आठ महिने फुकट गेले. म्हणून शेवटी लिहायला बसलो.

आत्या आगाशीला असते. थोडी फुलांची वाडी आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून तिचा दिनक्रम एकच, पहाटेच्या विरार लोकलचा लगेजचा डबा, कागड्या-मोगऱ्याची गाठोडी आणि दादरचा फुलबाजार. २०२२ साली तिला कॅन्सर निघाला, गर्भाशयाच्या तोंडाचा. आमच्याकडे त्याला 'पिशवीच्या तोंडाचा' म्हणतात. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात पाच आठवडे रोज, सोमवार ते शुक्रवार, बाहेरून रेडिएशन झालं. म्हणजे पंचवीस वेळा. आठवड्यातून एकदा केमोची बाटली. शेवटी आतून नळी बसवून द्यायचं रेडिएशन. आत्या या सगळ्याला एकच शब्द वापरते, 'शेक'. बाहेरचा शेक आणि आतला शेक. डिसेंबरात शेक संपला, तपासण्या स्वच्छ आल्या, आणि पुढच्या श्रावणात ती पुन्हा दादरला जाऊ लागली. आम्ही पेढे वाटले.

२०२४च्या दिवाळीत रक्त जायला लागलं. कुणाला सांगितलं नाही. जवळच्या एका डॉक्टरांकडे एकटीच गेली, "मूळव्याध असेल" म्हणून मलम आणि इसबगोल घेऊन आली. त्यांनी आधी काय काय झालंय हे विचारलं नाही, हिनेही सांगितलं नाही. सुरणाची भाजी सुरू झाली. मग तिने दादरला जाणं बंद केलं. आम्हाला वाटलं, वय झालं, थकली. खरं कारण असं की विरार लोकलमध्ये संडास नसतो. आठ महिन्यांनी आमच्याकडे राहायला आली असताना आईने बाथरूममध्ये जे पाहिलं ते पाहून आई घाबरली. हिमोग्लोबिन निघालं सात.

आईने विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस?"

आत्या म्हणाली, "कॅन्सर बरा झाला ना. मग एवढं तर चालायचंच."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. आणि पुढचे तीन वीकेंड जुने वैद्यकीय निबंध चाळताना कळलं की वैद्यकशास्त्रही कितीतरी वर्षं, जरा भारदस्त इंग्रजीत, नेमकं हेच म्हणत होतं. (मी डॉक्टर नाही, कोडर आहे. हे सगळं वाचलेलं आहे. औषधाचा सल्ला समजू नका.)

सुरुवात फार जुनी आहे. रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले १८९५च्या नोव्हेंबरात. दोनच वर्षांत, १८९७ साली, डेव्हिड वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की हे किरण फक्त कातडी भाजत नाहीत, आतही इजा करतात. क्ष-किरणांच्या यंत्रापाशी काम करणाऱ्या एका माणसाला पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले होते. पोटापुढे शिशाचा पत्रा धरल्यावर त्रास थांबला. म्हणजे किरणांनी कॅन्सर बरा करण्याची विद्या धड उभी राहण्याआधीच, किरणांनी आतडं बिघडतं हे छापून आलं होतं!

पुढे १८९८ साली रेडियम सापडलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत डॉक्टरांनी ते गर्भाशयाच्या कॅन्सरवर वापरून पाहिलं. हा अवयव त्यासाठी जणू सोयीचाच, कारण बाहेरून आत जायला वाट आहे. रेडियमची नळी थेट गाठीपाशी नेऊन ठेवता येते. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात किरण कमी होतात, हे आपण बारावीत घोकलंय. दुप्पट लांब गेलं की चौथा हिस्सा. म्हणजे गाठीला भरपूर आणि लांबच्या अवयवांना कमी. गणित सुंदर आहे. फक्त एक अवयव लांब नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या मागे लगेच गुदाशय असतो, आतड्याचा शेवटचा भाग, मध्ये जेमतेम काही मिलिमीटरची भिंत. लहान आतडं निदान इकडेतिकडे सरकतं तरी. गुदाशय आपल्या जागी बांधलेला. रोजचा शेक रोज त्याच जागी बसतो.

हे डॉक्टरांना दिसत नव्हतं असं नाही. १९३८ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला टॉड आणि मेरेडिथ यांनी रेडियमचा डोस मोजायची जी पद्धत बसवली, तिचा पायाच 'शरीर किती सहन करेल' हा होता. त्यांनी गर्भाशयाच्या बाजूला एक बिंदू ठरवला, दोन सेंटिमीटर वर आणि दोन सेंटिमीटर बाजूला. नाव दिलं 'पॉइंट ए'. त्या बिंदूला किती किरण मिळाले यावर सगळा हिशोब. रेडियम तीन-तीन दिवस दोनदा आत ठेवायचं आणि मागे-पुढे गॉज कोंबून गुदाशय नि मूत्राशय होतील तेवढे दूर ढकलायचे. मला हे वाचताना फार मजा वाटली. एवढं अणुभौतिक, आणि शेवटी सगळी भिस्त कापडाच्या बोळ्यावर. पण तो बोळा किती नीट बसवला यावर बाईचं पुढचं आयुष्य ठरत होतं, तेव्हा मजा म्हणणंही बरोबर नाही. गंमत म्हणजे 'पॉइंट ए' अजूनही बोलण्यात आहे. लेगसी कोड कुठेच मरत नाही.

आता त्या भारदस्त इंग्रजीकडे येतो.

१९३० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुई बुई यांनी माल्मग्रेन या सहकाऱ्याबरोबर एक निबंध लिहिला. किरणोपचारानंतर गुदाशयात दिसणाऱ्या जखमेला त्यांनी 'फॅक्टिशियल प्रॉक्टायटिस' म्हटलं, म्हणजे माणसाने घडवलेला गुदाशयाचा दाह. हे नाव पुढे बरीच वर्षं चाललं. मला मात्र शीर्षकाच्या उरलेल्या अर्ध्या भागाने थांबवलं. त्यात त्या जखमेला 'जस्टिफाएबल' म्हटलंय. समर्थनीय जखम!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. कुणाच्या दृष्टीने समर्थनीय? मग जरा शांतपणे विचार केला. १९३० साली पुढे गेलेला गर्भाशयाचा कॅन्सर म्हणजे मरणच, तेही सोपं नाही. रेडियमने त्यातल्या काही बायका वाचत होत्या. अशा वेळी डॉक्टर म्हणणार, रक्त जातंय ना, जीव तर जात नाही. ते खोटं नव्हतं. पण अशा शब्दाचा एक तोटा असतो. एकदा एखाद्या दोषावर 'अपेक्षित वर्तन' असा शिक्का मारला की तिकीट बंद होतं, मग त्याकडे कुणी बघत नाही. आमच्या धंद्यातलं हे रोजचं आहे. इथे तिकिटाच्या जागी बाई होती इतकंच.

या कहाणीत आपण कुठे होतो?

मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने १९३१ साली गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टमधून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं, २८ फेब्रुवारी १९४१ला उघडलं. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. आमच्या पालघर जिल्ह्यात अणुऊर्जा म्हटलं की तारापूर डोळ्यांसमोर येतं, पण त्याच खात्याचं हे दुसरं तोंड विरार लोकलने जाणाऱ्यांना जास्त ओळखीचं आहे. आमच्या गल्लीत निदान पाच घरांतलं कुणी ना कुणी फाइलींची पिशवी छातीशी धरून ती वारी करून आलंय.

आणि आपल्याकडे बायकांच्या कॅन्सरमध्ये अनेक वर्षं पहिला नंबर गर्भाशयाच्या तोंडाचा होता. मुंबईत पुढे स्तनाच्या कॅन्सरने त्याला मागे टाकलं, गावांत तो टिकून राहिला. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, त्यातही हेच दिसलं. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ५२ गावगटांतल्या १,३१,७४६ बायकांची जी मोठी तपासणी-चाचणी झाली, ती बार्शीच्याच नर्गिस दत्त हॉस्पिटलने आणि टाटाने बाहेरच्या संशोधकांबरोबर केली. विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ साली छापून आले. पण तपासणी न झालेल्या बायका येतात तेव्हा उशिराच येतात, आणि उशिरा आलं की ऑपरेशन नाही, शेकच.

टाटामधल्याच एका चाचणीत तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायका होत्या, २००३ ते २०११ मधल्या. नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत होत्या, जोडीला केमो दिली तेव्हा ५४ टक्के. हे आकडे वाचताना आधी आनंद झाला. मग लक्षात आलं की 'समर्थनीय' शब्दाचं गणित इथेच बिघडतं. बाई जगणारच नसेल तेव्हा दोन वर्षांनी येणाऱ्या जखमेचा विचार कोण करेल? पण निम्म्याहून जास्त जगत असतील, पुढची वीस-तीस वर्षं लोकलने दादरला जाणार असतील, तर ती जखम हा स्वतंत्र आजारच आहे. त्याला औषध हवं.

औषधांकडे जाण्याआधी जखमेचा स्वभाव. रेडिएशन चालू असताना जुलाब होतात, आग होते, ते काही आठवड्यांत ओसरतं. नंतरचा त्रास वेगळा. शेकाने बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंती सुजतात, हळूहळू बंद होतात, भागाला रक्त कमी पडतं, तो चामड्यासारखा ताठ होतो. मग शरीर घाईघाईने नवीन केशवाहिन्या उगवतं. या नव्या वाहिन्या पृष्ठभागावरच, पातळ भिंतीच्या, नाजूक. दुर्बिणीतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल दिसतात. शौचाला जोर केला की फुटतात. या सगळ्याला काही महिने लागतात, बरेचदा दोन वर्षंसुद्धा. टेस्टिंगला सगळं हिरवं, आणि पेढे वाटून झाल्यावर प्रॉडक्शनमध्ये रक्त. म्हणून रुग्णाला दोन्ही गोष्टींचा संबंधच लागत नाही. शेक तर केव्हाच संपला ना!

नाव 'दाह' असलं तरी खरा दाह यात फारसा नसतोच. तरी अनेक वर्षं दाहाचीच औषधं दिली गेली, सल्फासालाझिन, स्टिरॉइडचा एनिमा. फरक पडे-न पडे. फारच रक्त गेलं तर ऑपरेशन. पण शेकलेल्या आतड्याचे टाके भरत नाहीत, त्यामुळे ऑपरेशन म्हणजे आगीतून फुफाट्यात.

इथे कहाणीत चंडीगढ येतं. माझ्या मते हा तिचा सगळ्यात सुंदर भाग, आणि मला याची काडीचीही कल्पना नव्हती.

सुक्राल्फेट नावाचं औषध तुमच्याही घरात कधीतरी आलं असेल. ॲसिडिटी-अल्सरसाठी देतात ते घट्टसर पातळ औषध, चमच्याने घ्यायचं. मूळ घटक चक्क साखर. साखरेला सल्फेट आणि ॲल्युमिनियम जोडलेलं. ते रक्तात फारसं शिरत नाही, जखमेवर चिकटून साय धरल्यासारखं बसतं आणि खालचा भाग भरायला वेळ देतं. चंडीगढच्या पीजीआयमधले राकेश कोचर आणि त्यांचे सहकारी यांना वाटलं, जठरातल्या जखमेवर चालतं तर आतड्याच्या दुसऱ्या टोकाला का नाही? १९८८ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पहिला अनुभव लिहिला, सुक्राल्फेटचा एनिमा. तेवढ्यावर थांबले नाहीत. ३७ रुग्णांची चाचणी केली, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत तशी. एका गटाला तोंडाने सल्फासालाझिन आणि खालून स्टिरॉइड, दुसऱ्याला खालून दोन ग्रॅम सुक्राल्फेट दिवसातून दोनदा. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. चार आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले होते, पण सुक्राल्फेटवाल्यांना त्रासात जास्त आराम होता आणि औषधही त्यांना जास्त सोसलं. १९९१ साली ते छापून आलं. पुढे १९९९ साली त्यांनी २६ रुग्णांचा लांबचा पाठपुरावा दिला, सोळा आठवड्यांत २४ जणांचं रक्त चांगलंच कमी झालं होतं.

३७ आणि २६. आजच्या मानाने किती लहान आकडे! पण या आजारात चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या इतक्या थोड्या आहेत, की या विषयावरचा कुठलाही आढावा उघडा, चंडीगढचं नाव भेटतंच. आणि औषध कसलं, तर गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणारं, स्वस्त, ज्यावर कुठल्या कंपनीला फार पैसे सुटणार नाहीत. हे आपल्याकडच्याच सरकारी हॉस्पिटलात सुचावं यात मला नवल वाटत नाही. ज्यांच्या बाहेर बाकावर अशा बायका रांगेत बसलेल्या होत्या, त्यांनाच सुचणार.

दुसरं औषध ऐकून मात्र अंगावर काटा येतो. फॉर्मलिन. होय, मेडिकलच्या मुलांना ज्या वासाने पहिल्या दिवशी मळमळतं तेच, प्रेतं टिकवायचं. १९६९ साली ऑस्ट्रेलियात ब्राउन नावाच्या डॉक्टरने मूत्राशयातलं न थांबणारं रक्त थांबवायला ते वापरलं. १९८६ साली रुबिनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ते शेकलेल्या गुदाशयात वापरल्याचं लिहिलं. १९९३ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी पद्धत सोपी केली. चार टक्क्यांचं फॉर्मलिन, त्यात भिजवलेलं गॉज, रक्त येणाऱ्या जागेवर काही मिनिटं दाबून धरायचं, बाहेरच्या कातडीला आधी व्हॅसलिन लावून ठेवायचं. फॉर्मलिन प्रथिनं गोठवतं, नाजूक वाहिन्यांची तोंडं बंद होतात. दिल्लीच्या एम्समधूनही १९९५ साली असा अनुभव प्रसिद्ध झाला. स्वस्त, झटपट, जिथे महागडं यंत्र नाही तिथेही होणारं. धोके आहेत, जास्त वेळ राहिलं तर आतडं भाजतं किंवा आवळतं. तरी अजून वापरात आहे.

तिसरं आर्गॉन. जर्मनीत ट्यूबिंगेनला १९९१ साली ग्रुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र पहिल्यांदा दुर्बिणीतून वापरलं. बारीक नळीतून आर्गॉन वायू सोडायचा, त्याला विजेने पेटवायचं (पेटवायचं म्हणजे आयनीभवन, खरी आग नाही), आणि त्या निळसर झोतातून वीज पृष्ठभागाला न शिवता पोचते. फक्त दोन-तीन मिलिमीटर खोल भाजतं. भाग सुकला की तिथला विरोध वाढतो आणि झोत आपसूक शेजारच्या ओल्या जागेकडे वळतो. स्वतःच स्वतःला थांबवणारं तंत्र! एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी लागते, आतडं नीट साफ हवं. आत मिथेन-हायड्रोजन साठलेले असतील आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. असे प्रकार घडलेले आहेत. त्यामुळे आदल्या दिवशीचं ते भयानक चवीचं पाणी संपवायचा आग्रह नर्स करते, तेव्हा तिच्याशी भांडू नका.

दाबाखालचा ऑक्सिजनही आहे, पाणबुड्यांना देतात तसा बंद कोठीत बसून. २००८च्या एका चाचणीत फायदा दिसला, २०१६च्या ब्रिटिश चाचणीत दिसला नाही. महाग प्रकरण आहे. असो.

आणि सौम्य असेल तर काहीच न करता हळूहळू थांबतंसुद्धा. हेही सांगायला हवं, नाहीतर मी सगळ्यांना घाबरवतोय असं व्हायचं. पण सौम्य आहे की नाही हे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मुळात हे नवीन कॅन्सरचं रक्त नाही ना हे पाहावंच लागतं.

खरं उत्तर अर्थात जखम होऊच न देणं. १९३८ साली त्यासाठी कापडाचा बोळा होता. आता झोताला आकार देता येतो, रोज टेबलावर झोपवल्यावर आधी स्कॅन काढून आतडं आज कुठे आहे ते पाहता येतं. पण हे यंत्र महाग, वेळ दुप्पट, आणि बाहेर पाचशे माणसं रांगेत. मग त्याने खरंच फरक पडतो का, हा प्रश्न परळला जेवढा टोचणार तेवढा श्रीमंत देशात टोचणार नाही. तो टाटामध्येच विचारला गेला. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी पिशवी काढल्यानंतर रेडिएशन लागणाऱ्या ३०० बायका घेतल्या, २०११ ते २०१९ मध्ये. निम्म्यांना नेहमीचं रेडिएशन, निम्म्यांना नवीन. चाचणीचं नाव 'पार्सर', निकाल २०२१ साली आला. तीन वर्षांत आतड्याचा उशिरा येणारा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के बायकांना, नवीन पद्धतीत २१.१ टक्के. कॅन्सर उलटण्यात फरक नाही.

बेचाळीस टक्के! हा आकडा मी दोनदा वाचला. शंभरात बेचाळीस बायका, आणि आमच्या घरात प्रत्येकाला वाटत होतं की हे आत्याचंच काहीतरी वेगळं निघालंय. (हा आकडा आतड्याच्या सगळ्या त्रासांचा आहे, नुसत्या रक्ताचा नाही. आत्यासारख्या पिशवी न काढलेल्यांचाही नाही. पण तरी.) नव्वद वर्षांपूर्वी जे समर्थनीय होतं, त्यातलं निम्मं टाळण्यासारखं होतं, असा त्याचा अर्थ मी लावतो. उरलेलं निम्मं अजून आहे.

आत्याचं काय झालं ते सांगून टाकतो. दुर्बिणीची तपासणी झाली. कॅन्सर नाही. ते लाल जाळं मात्र होतं, पडद्यावर मीही पाहिलं. डॉक्टरांनी तिथला तुकडा तपासायला काढला नाही. म्हणाले, शेकलेल्या जागेतून उगाच तुकडा काढला तर ती जखम भरत नाही, भोकसुद्धा पडतं. मग रक्ताच्या दोन बाटल्या, लोहाची इंजेक्शनं आणि सुक्राल्फेट. तेच, चंडीगढचं. घरी रोज दोनदा एनिमा घ्यायचा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पहिले चार दिवस आत्या कुणाला खोलीत येऊ देईना. पाचव्या दिवशी सुनेने दार ढकललं, "आई, मी बाळंतपणात होते तेव्हा तुम्ही काय काय केलंत, आता गप्प पडा डाव्या कुशीवर" म्हणाली, आणि प्रश्न मिटला. सहा आठवड्यांत रक्त बरंच कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. मग आर्गॉनच्या दोन बैठका झाल्या. आता महिन्यातून एखाद्या वेळी थेंबभर दिसतं. हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे. दादरला रोज जात नाही, सणासुदीच्या आदल्या दिवशी जाते.

तिला मी १९३०च्या त्या निबंधाबद्दल सांगितलं. 'समर्थनीय' म्हणजे काय ते मराठीत समजावून द्यावं लागलं. गजरा ओवता ओवता तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या डॉक्टरला स्वतःला जात होतं का रे रक्त?"

मी म्हटलं, "नाही गं आत्या."

"मग बरोबर," म्हणाली, आणि पुढची कळी घेतली.

गेल्या रविवारी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी जाड स्केचपेनने मराठीत लिहून ठेवलंय: 'ओटीपोटात रेडिएशन झालेलं आहे, डिसेंबर २०२२. शौचातून रक्त आल्यास मूळव्याध समजू नये, आधी दुर्बीण. तुकडा काढण्याआधी ही फाइल वाचावी.' खाली माझा मोबाइल नंबर. आत्याने त्याखाली स्वतःच्या हाताने सुनेचा घातला. म्हणाली, तुझा कायम मीटिंगमध्ये असतो.